नाव नसलेली सोंड: साताऱ्याच्या डोंगरात फुलांच्या दिवसात बिनवाटेचं कसं चालायचं

गणपती विसर्जन झालं की आमच्याकडं फोन सुरू होतात. पुण्यातनं, मुंबईतनं, कोल्हापुरातनं. "अरे फुलं आलीत का? कधी येऊ?" मी सरळ सांगतो की कासला यायचं तर शनिवार-रविवार सोडून या, बुकिंग करून या आणि पहाटे निघा. मग एखादा हळूच विचारतो, "कासच्या पलीकडं काय नाही का रे, गर्दी नसलेलं?" आहे की. भरपूर आहे. साताऱ्याच्या पश्चिमेला जावळी आणि पाटण तालुक्यात एकेक धार, म्हणजे डोंगराचा लांब अरुंद माथा, अशी पडलीय की सप्टेंबरात वर चढलात तर दिवसभरात फक्त दोन गुराखी आणि एक कुत्रं भेटणार. पण तिथं बोर्ड नाही, रेलिंग नाही, मळलेली वाट नाही. वाट असली तर ती गुरांची, ती पाण्याकडं जाते, तुम्हाला हवं तिकडं नाही.

मी ज्या सोंडेवर (सोंड म्हणजे डोंगरातनं खाली उतरत गेलेली धार) गेली दहाएक वर्षं जातोय तिचं नाव इथं लिहिणार नाही, आधीच सांगतो. कंजूसपणा म्हणा पाहिजे तर. पण कुठलीही सोंड कशी निवडायची आणि धड परत कसं यायचं ते सगळं सांगतो, ते कळलं की सोंड तुमची तुम्हालाच सापडेल.

आधी हे डोंगर काय आहेत ते समजून घ्या

सातारा शहर साधारण सातशे मीटरवर, आणि कासचं पठार बाराशेच्या आसपास. यवतेश्वरचा घाट चढून कासकडं जाणारा रस्ता एका लांब धारेवरनं जातो, डावीकडं उरमोडीचं खोरं, उजवीकडं वेण्णेचं. अशा धारा या भागात हाताच्या बोटांसारख्या पसरल्यात. खालचा सगळा दगड काळा, बेसाल्ट, थरावर थर. आणि माथ्यावर टोपी घातल्यासारखा जांभा. या जांभ्याच्या उघड्या माथ्याला आपल्याकडं सडा म्हणतात.

फुलांचं सगळं गुपित या सड्यात आहे. माती बोटभर, कुठं तर तेवढीही नाही. पावसाळ्यात पाणी साचून राहतं, उन्हाळ्यात तवा तापतो तसा कातळ तापतो. झाडाला मूळ धरायला जागाच नाही म्हणून झाड येत नाही, आणि सावली नाही म्हणून ही बारकी बारकी फुलझाडं तीन-चार महिन्यांत उगवून फुलून बी टाकून मोकळी होतात. मातीत कस इतका कमी की काही वनस्पती किडे खातात. दवबिंदू दिसेल तुम्हाला, लालसर पानांवर चिकट थेंब, त्यात बारका माशीसारखा किडा अडकलेला. आणि ती जांभळी सीतेची आसवं, नाव किती हळवं, पण जमिनीखाली तिच्या बारक्या पिशव्या ओल्या मातीतले सूक्ष्म जीव ओढून घेतात!

या दगडाची दुसरी गोष्ट चालणाऱ्याच्या कामाची आहे. बेसाल्टचे थर म्हणजे जिना. सपाट टप्पा, मग एकदम उभा कडा, परत टप्पा. वरनं बघताना फक्त सपाट टप्पे दिसतात, मधले कडे दिसतच नाहीत. हे डोक्यात पक्कं ठेवा, उतरताना लागणार आहे.

कधी जायचं

फुलं म्हणजे एक तारीख नाही, ती पाळीपाळीनं येतात. जूनमध्ये पहिल्या पावसावर दीपकाडी येते, जुलै-ऑगस्टात चवर आणि आमऱ्या. पण तेव्हा धारेवर पाऊस आणि वारा इतका असतो की फूल बघायचं का टोपी सांभाळायची कळत नाही, नवीन माणसानं तेव्हा जाऊच नये. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तेरड्याचा गुलाबी, सीतेच्या आसवांचा जांभळा आणि गेंदाची पांढरी बटणं असा बेत जमतो. महिनाअखेरीला सोनकी सगळा उतार पिवळा करते, कवला पण जोरात असतो. ऑक्टोबर दहाच्या पुढं गवत वाळायला लागतं आणि कुसळं सुरू, मोज्यात घुसली की घरी बसून चिमट्यानं काढा. पाऊस मागं-पुढं झाला की हे सगळं आठवडा दोन आठवडे सरकतं, त्यामुळं खालच्या वाडीत कुणाला तरी फोन करून "सडा पिवळा झाला का" एवढंच विचारायचं.

कारवीचं, म्हणजे उतारावर काठ्यांसारखं वाढणाऱ्या झुडपाचं, वेगळं, ती सात वर्षांनी एकदा फुलते. ज्या वर्षी फुलेल त्या वर्षी जांभळ्या उतारांवर मधमाश्यांची धमाल असते. अत्तर-बित्तर, सुगंधी डिओ मारून जाऊ नका, कड्याला आग्या मोहोळ असतं आणि ते उठलं तर माणसाला पळायलाही जागा नसते. सिगारेट, चूल, फटाके, काही नाही.

सोंड निवडणं (हे घरी बसून करायचं काम)

सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे नकाशे त्यांच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. आपल्या भागाची शीट उतरवून घ्या. दोन सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर आणि प्रत्येक उंचीरेषेत वीस मीटरचा फरक. रेषा विरळ म्हणजे सपाट, दाट म्हणजे चढ, एकमेकींना चिकटल्या म्हणजे कडा, तिकडं बघायचंच नाही. पहिल्या वेळेला अशी सोंड धरा जिच्या पायथ्याला वाडी आहे, जिच्या माथ्यावर एखादं देऊळ आहे (देऊळ असलं की वर्षातनं एकदा तरी यात्रेला माणसं चढतात, म्हणजे वाट कुठं ना कुठं आहेच), आणि जिचं दुसरं टोक डांबरी रस्त्याला लागतंय. जायची लांबी सहा-सात किलोमीटरच्या वर नको.

मग सॅटेलाइट फोटो बघा, पण उन्हाळ्यातला. मार्च-एप्रिलच्या फोटोत पिवळ्या गवतावर पायवाटा रेघ मारल्यासारख्या दिसतात, पावसाळ्यातल्या फोटोत सगळं हिरवं आणि ढग. त्या रेघेवर बोट ठेवून मोबाइलच्या ऑफलाइन मॅपमध्ये आठ-दहा ठिकाणं मार्क करा: खिंड, वाट फुटते ती जागा, पाणी, आणि मध्येच पळ काढायचा झाला तर खाली उतरणारी वाट. ही शेवटची सगळ्यात महत्त्वाची. लांब धारेला निदान एक तरी मधली उतरण माहीत पाहिजे.

परवानगीचं विसरू नका. यातले बरेच माथे राखीव वन आहेत, काही मालकीचे आहेत. कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, त्याच्या हद्दीत परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही, वासोटा किल्ल्याची बाजू तर पावसाळ्यात बंदच असते. नकाशावर हद्द बघा आणि शंका असली तर वनखात्याच्या परिक्षेत्र कार्यालयात जाऊन विचारा. फोनवर नीट कळत नाही, प्रत्यक्ष गेलं की माणसं चांगली बोलतात, कुठं गवे उतरलेत तेही सांगतात.

वाडीतला माणूस

नकाशा, जीपीएस, सगळं ठीक, पण पहिल्या वेळी वाडीतला माणूस बरोबर घ्या. घ्याच. गुरं राखणारा असला तर सोनं. दिवस बुडवून येतो तो, तर त्याची मजुरी आधी ठरवून नीट द्या, जेवण आपल्यात द्या, आणि "फक्त वाट दाखवा" म्हणून अर्ध्यात सोडून देऊ नका.

एक भाषांतर मात्र शिकून घ्या. वाडीतले मामा म्हणाले "हे काय, हाकेवर हाय" म्हणजे तुमचा पाऊण तास. "अर्धा तास" म्हणजे दीड. "लय नाय, जरा चढ हाय" म्हणजे दोन घोट पाणी पिऊनच निघा.

मी पहिल्या वर्षी शहाणपणा करून एकटाच गेलो होतो, मोबाइलमध्ये कुणाचा तरी जीपीएस ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची रेघ, घेऊन. निघताना एका घराच्या पडवीतनं म्हातारबाबा म्हणाले, "पाव्हणं, ढग आला तर खाली बसा. हिंडू नका." मी हो हो म्हणून पुढं. अकराच्या सुमाराला ढग आला, असा की स्वतःचे बूट धूसर दिसायला लागले, आणि मी अर्थातच हिंडलो. ट्रॅक सरळ चाललाय म्हणून सरळ चाललो आणि तासाभरानं कळलं की मुख्य धार सोडून शेजारच्या दांडावरनं, म्हणजे धारेला फुटलेल्या फाट्यावरनं, दीडशे मीटर खाली उतरलोय, पुढं कारवीचं रान आणि त्याच्या पुढं काहीच नाही, नुसता पांढरा खड्डा आणि खालनं पाण्याचा आवाज. परत वर यायला दोन तास गेले. तेव्हापासून ढग आला की मी बसतो. भाकरी खातो. वीस मिनिटांत बहुतेक वेळा फाटतो, नाही फाटला तर आलो त्याच वाटेनं मागं.

चढताना सोपं, उतरताना फसवं

हे नीट वाचा, बाकीचं विसरलात तरी चालेल. चढताना सगळे दांड वर जाऊन एकाच धारेला मिळतात, म्हणून चुकायचं म्हटलं तरी माणूस शेवटी माथ्यावरच पोचतो. उतरताना उलटं. एकच धार, आणि तिला पाच ठिकाणी फाटे. प्रत्येक फाट्यावर चुकीचा दांड बरोबर वाटतो, त्यावर गवतही दबलेलं असतं कारण गुरं तिकडंच चरतात. म्हणून चढताना दर फाट्यावर थांबून मागं वळून बघायचं, परत येताना हे कसं दिसेल त्याचा फोटो काढायचा, आणि जिथं शंका आहे तिथं झुडपाला जुन्या कापडाची चिंधी बांधायची. लाल किंवा केशरी, हिरवी नाही (असं केलेला माणूस मी पाहिलाय). येताना सगळ्या चिंध्या सोडून खिशात.

दगडांची रास रचून खूण करायची सवय असेल तर सड्यावर ती सोडा. त्या सुट्या दगडांखाली बेडूक, पाली, विंचू, काय काय राहतं, आणि विंचवाला तुमची खूण पटत नाही.

आणि वाट हरवली तर ओढ्यानं खाली उतरायचं नाही. "पाणी खाली गावातच जातं" हे पुस्तकातलं शहाणपण आपल्या डोंगरात जीव घेतं. वर सांगितलं ना, थरांचा जिना. ओढा प्रत्येक कड्यावरनं उडी मारतो, धबधबा होतो. दोन टप्पे तुम्ही घसरत घसरत उतराल, तिसऱ्यावर खाली कडा आणि मागं वर चढता न येणारा शेवाळलेला कातळ. हरवलात की वर जा, धारेवर. धारेवर दिसतं, धारेवर रेंजही मिळायची शक्यता जास्त. ११२ ला फोन करा, लोकेशन वाडीतल्या माणसाला पाठवा आणि एका जागी थांबा.

पाय कुठं टाकायचा

बिनवाटेच्या धारेवर ताशी दीड-दोन किलोमीटर धरा, जास्त नाही. चढ असेल तर प्रत्येक तीनशे मीटर उंचीला वेगळा एक तास. म्हणजे सात किलोमीटर आणि पाचशे मीटर चढ म्हणजे साडेपाच-सहा तास गेलेच, फोटो वेगळे.

खरखरीत कोरडा जांभा बुटाला मस्त पकडतो. काळा, चकचकीत, पाणी पाझरणारा दगड म्हणजे साबण. गुडघाभर गवतात काठी आधी, पाय नंतर: खड्डा कळतो आणि साप असला तर त्याला निघून जायला वेळ मिळतो. कारवीच्या उतारावर तिच्या काठ्या धरून चढता येतं, पण ओली हिरवी, बुंध्यापाशी धरा. वाळकी काठी हातात येते आणि तुम्ही खाली जाता. मुरमाच्या घसाऱ्यावर एकमेकांच्या बरोबर खाली उभं राहायचं नाही, वरच्याचा दगड खालच्याच्या डोक्यात.

आता फुलांचं. सड्यावर फुलांचे गालिचे असतात आणि मध्ये मध्ये उघडा कातळ असतो. पाय कातळावर. फक्त कातळावर. थोडं नागमोडी होईल, होऊ दे. ही बहुतेक एका वर्षाची झाडं आहेत, यंदा बी पडलं नाही तर पुढच्या वर्षी त्या जागी काही नाही. कातळावरच्या बारक्या डबक्यांत तर बूट घालूच नका, तिथं वायतुरा असतो, इंग्रजी वायसारखा दोन फाट्यांचा जांभळट तुरा. त्याच्या शास्त्रीय नावातच आपला सातारा आहे, अपोनोजेटॉन सातारेन्सिस. असं फूल आपल्या बुटाखाली जाऊ नये एवढी लाज तरी बाळगावी माणसानं. फोटोसाठी आडवं लोळायची फॅशन आलीय, एका क्लोजअपसाठी दोन चौरस फूट तेरडा चिरडतात. गुडघा कातळावर टेकवा, फोन उलटा धरा, लेन्स जमिनीजवळ येते. झालं काम.

गुरांवरनं मात्र गुराख्याला शिकवायला जाऊ नका. कासला कुंपण असावं का नसावं, चराई चालू ठेवावी का बंद, यावर बरीच वर्षं वाद झाला, आणि गवत चरलं जातं म्हणूनच फुलांना जागा मिळते असं गावातली माणसं आधीपासून सांगत होती. ती पिढ्यान्पिढ्या वर जातायत, आपण वर्षातनं एकदा.

पिशवीत काय

पाणी तीन लिटर, पाऊस असला तरी. सड्यावरच्या डबक्यात गुरं बसतात, ते पाणी प्यायचं नाही. वाहत्या झऱ्याचं घेतलं तर क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबून. जेवायला भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, कांदा. साखर लागली तर कंदी पेढे, चॉकलेटपेक्षा बरे, वितळत नाहीत. बूट खोल खाचांच्या तळव्याचे, ॲक्शनचे ट्रेकिंगवाले स्वस्तात मस्त काम करतात, फक्त नवे कोरे घालून पहिल्याच दिवशी धारेवर नको. छत्री निरुपयोगी, वारा उलटी करतो, रेनकोट घ्या. पूर्ण पँट, लांब मोजे. हेडटॉर्च, दिवसा परत येणार असलात तरी. शिट्टी. पॉवर बँक प्लास्टिकच्या पिशवीत. कोरडा टी-शर्ट दुसऱ्या पिशवीत, कारण भिजून धारेवरच्या वाऱ्यात बसलात तर सप्टेंबरातही दात वाजतात.

जळवा उघड्या सड्यावर कमी, पण रानाच्या पट्ट्यात हमखास. मोज्याला बाहेरनं साबण चोळा किंवा मीठ-तंबाखूची पुरचुंडी काठीला बांधून ती जळवेला लावा, सुटते. ओरबाडू नका. रक्त थोडा वेळ वाहतच राहतं, तिच्या लाळेनं ते गोठत नाही, घाबरायचं कारण नाही, फडक्यानं दाबून धरा. घरी गेल्यावर गोचीड बघा, काखेत, कमरेला.

साप म्हणाल तर रानात झुडपावर हिरवा चापडा असतो, म्हणून हात टाकायच्या आधी बघायचं. सड्यावर दगडाच्या कपारीत फुरसं असू शकतं. चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट बांधायचं नाही. अंगठी, घड्याळ काढा, तो अवयव हलू देऊ नका, माणसाला चालवू नका, उचलून खाली आणा. १०८ ला फोन आणि सरळ मोठ्या सरकारी दवाखान्यात, साताऱ्याचं सिव्हिल म्हणजे सिव्हिल. मंत्र घालणारा वाटेत भेटला तर नमस्कार करून पुढं. गवा दिसला तर थांबा, रस्ता त्याचा, लांबनं वळसा घाला, सेल्फी नाही.

घड्याळ आणि वीज

साताऱ्यातनं पहाटेच निघा, साडेसहाला पायथ्याला आणि दहा-साडेदहाला माथ्यावर. दुपारी एकला जिथं असाल तिथनं उतरायला लागायचं. याला कारण आहे. सप्टेंबरअखेरीपासून परतीचा पाऊस सुरू होतो, तो सकाळी नसतो, ऊन चांगलं तापतं, तुम्ही खूश असता, आणि दोन-तीनला पूर्वेकडनं काळं भरून येतं. तो पाऊस विजेचा. उघड्या धारेवर सगळ्यात उंच वस्तू म्हणजे तुम्ही, हातात काठी. वीज दिसल्यावर आकडे मोजा, तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर. तिसाच्या आत गडगडाट ऐकू आला की फोटो बंद, धार सोडून बाजूच्या उतारावर खाली. एकट्या झाडाखाली नाही, देवळाच्या पत्र्याला टेकून नाही. सगळे एकत्र चिकटून उभे राहू नका, लांब लांब, पाय जुळवून उकिडवे बसा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या.

आणि पाऊस झाला की सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारी कमरेला लागतो. उतरणीच्या वाटेत मोठा ओढा असेल तर तो ओलांडावा लागणार नाही अशी दुसरी वाट निवडा, किंवा पाणी उतरेपर्यंत बसा, तासा-दोन तासांत उतरतं. दोर-बिर बांधून हिरोगिरी नको. शेवटची एसटी चुकेल, चुकू दे.

एसटीचं पण आदल्या दिवशी स्टँडवर जाऊन विचारून ठेवा, वाडीवरच्या गाड्या सणासुदीला आणि शाळेच्या सुट्टीला वेळ बदलतात. शेवटची गाडी धरून नियोजन करू नका, शेवटच्या आधीची धरा.

खाली डांबरीला लागलात की बूट काढायच्या आधी दोन गोष्टी. चिंध्या मोजा, बांधलेल्या तेवढ्या खिशात आहेत का. आणि वाडीतल्या मामांना फोन करा की पोचलो. रेंज नसेल तर पहिल्या टपरीवरनं करा. आम्ही एकदा विसरलो, चहा-भजी खात बसलो गाडीची वाट बघत, आणि रात्री साडेआठला मामांचाच फोन आला, दम लागलेला, टॉर्च घेऊन ते पोरासकट निम्मी सोंड चढून आले होते आम्हाला शोधायला.